सात नंबरच्या खांबाचा पहिला घाव

६ जानेवारी २०२५, सोमवार

रतन बाळंतपणाला वाशिमला गेली तेव्हा ही वही देऊन गेली. राग आला की समोरच्याला बोलण्याआधी यात लिही, असं बजावून. आज पहिलं पान उघडलं आणि राग अजिबात आलेला नाही, म्हणजे वहीची सुरुवातच चुकली.

ठाण्याच्या टॉवरच्या साइटवरून काढलं, त्यानंतरचं हे पहिलं काम. लहान आहे, पण माझं एकट्याचं आहे. नाहूर पूर्वेला ‘नवा धागा’ नावाची सोसायटी. तळमजला अधिक तीन, सोळा घरं, १९७९चं बांधकाम. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांनी फंड काढून बांधलेली. आता त्यांची मुलं बँकेत, कुरियरमध्ये, हॉस्पिटलात कामाला जातात. खांबांतलं काँक्रीट कुजलंय. ते फोडायचं, गंजलेल्या सळ्या बदलायच्या, नवं काँक्रीट भरायचं, आणि हे सगळं माणसं वर राहत असताना. मला राहायला तळमजल्यावरची रिकामी खोली मिळाली. पंखा चालतो, नळाला पाणी येतं. झकास.

सकाळी अकराला सेक्रेटरी सर्वेश परब नारळ, शाल आणि नवीकोरी हातोडी घेऊन आले. मी सांगितलं की नारळ मी फोडत नाही. माझ्या बापाने लहानपणीच बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्यात. मला वाटलं तोंडं वाकडी होतील. पण परब हसून म्हणाले, नारळ राहू दे, पहिला घाव तेवढा तुम्ही मारा, तो मान इंजिनिअरचा. जिन्याच्या तोंडाशी, मीटरपेट्यांच्या शेजारी सात नंबरचा खांब आहे. तिथे मी घाव घातला. प्लास्टरचा सुटलेला पोपडा पायावर पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा वर्षं साइटवर आहे, मान म्हणून कुणी हातात काही दिलं नव्हतं. रतनला फोटो पाठवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकू गॅलरीतून बघत होत्या. सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि आत गेल्या.

७ जानेवारी

दिवसभर खांब ठोकून बघितले. आमच्या कामात हे पहिलं. हलक्या हातोडीने ठोकत जायचं. चांगलं काँक्रीट खणकन् वाजतं, आतून सुटलेलं भदभद वाजतं. भदभद वाजेल तिथे खडूने गोल. माझ्यासोबत अंबादास आहे, जालन्याकडचा जुना गवंडी, वय साठ, कान माझ्यापेक्षा तयार. त्याने डोळे मिटून सांगितलं की सात नंबर गुडघ्यापासून छातीपर्यंत पोकळ आहे. ताकद मोजायच्या यंत्राने बारा आकडा दाखवला. पंचवीसच्या खाली असेल तर आम्ही काळजी करतो.

या लोकांनी इमारतीची वाट लावलीय. गॅलऱ्या आत घेतल्या, गच्चीवर तीन जादा टाक्या, दुसऱ्या मजल्यावर एकाने संडास हलवून सरळ तुळईवर बसवलाय. विचारलं तर म्हणतो, चाळीस वर्षं काही झालं नाही. दोन ते चार आवाज बंद, हा सोसायटीचा नियम. दुपारची झोप मोडायला नको. डोक्यावर स्लॅब आला तर जागे होतील.

पाहा, वहीची सुरुवात नीट झाली.

१० जानेवारी, शुक्रवार

छताला टेकू द्यायचे लोखंडी जॅक आले नाहीत. कंत्राटदार शेठला फोनवर जे बोललो ते इथे लिहीत नाही. टेकू नसताना मी खांब फोडू देणार नाही, त्यामुळे किरकोळ कामं काढली. खांबांतल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. इमारत हलली तर पट्टी तडकते, साधी गोष्ट आहे.

एक गोंधळ झालाय. सात नंबरवर खडूने काढलेल्या गोलांपैकी खालचे दोन आज खणकन् वाजतात. मी चुकीच्या जागी गोल काढले असतील असं अंबादासला म्हटलं.  ठोकून बघताना त्याचा कान चुकत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

उजवी नडगी दुखते. कुठे आपटली आठवत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सोळाही घरांतून तिळगूळ आला. पण हातावर ठेवताना प्रत्येकाने तो वरून सोडला. बोट लागू नये म्हणून. एका बाईने वाटी जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली.

हे मला ओळखता येतं. गावात बाप ज्या घरी पाणी मागायचा तिथे असंच वरून ओतायचे. मुंबईत, २०२५ साली, मोबाइलवर शुभेच्छा पाठवणारी माणसं! तिळगूळ कबुतरांना टाकला. खोलीत येऊन भिंतीवर मूठ आपटली, तर मनगटातून असा आवाज आला की मी दचकलो. भदभद.

१७ जानेवारी, शुक्रवार

जे झालं ते नीट लिहितो. मी इंजिनिअर आहे, मोजून बोलतो.

दुपारी दोन ते चार काम बंद होतं. खोलीत बसून लहान हातोडीने सहज नडगी ठोकली. आधी डावी. नंतर उजवी. उजवी पोकळ वाजते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. मग मांडी, मग खालच्या दोन बरगड्या. खडू घेतला आणि स्वतःच्या अंगावर गोल काढले. आरशात बघितलं तेव्हा हसू आलं आणि मग आलं नाही.

बनियनवर तांबूस डाग आहेत. रक्त नाही. गंजलेल्या सळईतून पाणी झिरपलं की भिंतीवर जो ओघळ येतो, तो रंग. घामातून येतोय.

डॉक्टरने एक्स-रे काढून विचारलं की वय नक्की चौतीसच ना. हाडं सत्तरीच्या माणसाची आहेत म्हणाला, कॅल्शियम लिहून दिलं.

परत येऊन सात नंबरवर यंत्र लावलं. अडतीस. या खांबाला आम्ही अजून एक थापी माल लावलेला नाही. अंबादासने पाच वेळा यंत्र लावलं, पाचही वेळा अडतीस. दहा दिवसांपूर्वी बारा होता.

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी म्हणून बदलापूरला मित्राकडे गेलो. ठाणं गेलं आणि पाय दुखायचा थांबला. कळव्याला तर पायाचा विसरच पडला. मित्राच्या घरी मटण खाल्लं, जिना धावत चढलो, त्याच्या पोराला खांद्यावर घेतलं. स्वतःवरच हसलो. धूळ, जेवणाची आबाळ, एकटेपणा, डोक्यात भलतंसलतं येतं.

दीडला अंबादासचा फोन. सात नंबरच्या तिन्ही काचपट्ट्या तडकल्या होत्या. पहिल्या मजल्याच्या पॅसेजमधल्या लाद्या एकामागून एक उसळत होत्या. मी मिळेल ती गाडी पकडून आलो. गेटमधून पाऊल आत टाकलं आणि नडगीत असं वजन आलं की भिंत धरावी लागली. समोर खांबाला बोट जाईल एवढी भेग होती. मी बघत असताना ती मिटली. डोळ्यांसमोर. अंबादासने खाली बसून हात जोडले.

मी हात जोडले नाहीत. मला समजत नाहीये आणि न समजणाऱ्या गोष्टीची मला चीड येते.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी प्रेमाकाकू जिना उतरून आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वीस मिनिटं लागतात. इकडेतिकडे बघून त्यांनी सोसायटीच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा या इमारतीतल्या माणसाने मला स्पर्श केला. म्हणाल्या, “झिला, माझो घो सूचक होतो त्या ठरावाक. तू वाच आणि हयसून जा.” एवढंच.

कपाटात सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आहेत. उतरवून घेतो, शब्द बदलत नाही.

१९८१. ‘खांब क्र. ७ खचल्यामुळे श्री. काशीराम परब यांनी सर्व सभासदांच्या वतीने जागेच्या राखणदारास गाऱ्हाणे घातले. जो खांबास पहिला घाव घालील त्याच्या हाडांचा आधार इमारतीस मिळावा व आमची घरे उभी राहावीत, असे मागणे केले. नवा घाव पडेपर्यंत जुना धरील. पहिला घाव सभासदाने अगर सभासदाच्या नातेवाइकाने घालू नये. ठराव एकमताने मंजूर.’ खाली सूचक, अनुमोदक, सह्या.

२००३. ‘दुरुस्तीचा पहिला घाव कंत्राटदाराचे सुपरवायझर श्री. सुयोग यांच्या हस्ते.’ पुढच्या पानावर, बरोब्बर एकविसाव्या दिवशी, ‘श्री. सुयोग यांच्या आकस्मिक निधनाबद्दल शोकप्रस्ताव. खांब क्र. ७ उत्तम स्थितीत असल्याचे सभेस कळवण्यात आले.’ त्याच्या पुढे पार्किंगचा विषय.

आडनावसुद्धा लिहिलं नाही त्याचं.

या वर्षीचंही पान आहे. माझं नाव आहे. शाई अजून ताजी दिसते. शोकप्रस्तावासाठी खाली जागा सोडलीय.

२२ जानेवारी

परबला त्याच्या दारात गाठलं. काशीराम परब त्याचा आजा. वही समोर धरली, तर गडी नाकारतही नाही! म्हणतो, पुरावा काय, सुयोगला आधीपासूनच आजार असेल, आणि सोळा कुटुंबांचा प्रश्न आहे, इंजिनिअरसाहेब, आजोबांनी घाम गाळून घेतलेली घरं आहेत. मी विचारलं की मीच का. त्याने अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं की तुम्ही लोक हे काही मानतच नाही ना, म्हणून तुम्हाला सांगितलं. मानणाऱ्याला सांगितलं असतं तर तो घाबरला नसता का?

मला आयुष्यात इतका राग आलेला नाही. मान म्हणे! मी त्या दिवशी रतनला फोटो पाठवला होता, मान मिळाला म्हणून. संक्रांतीला जे वरून सोडत होते ते शिवाशिवीपायी की मरणाऱ्याला हात नको म्हणून, हे आता मला ठरवता येत नाही, आणि बहुतेक दोन्ही खरं आहे.

तीच हातोडी त्याच्यापुढे केली. मार म्हटलं तूच घाव. तुझ्या आज्याने मागून घेतलंय. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि दार लावून घेतलं.

२३ जानेवारी

हातोडी जागेवर नव्हती. अंबादास सात नंबरसमोर ती उगारून उभा. म्हणतो, साहेब, माझं साठ झालं, तुमच्या घरी पाळणा हलायचाय. कसाबसा धावलो, हिसकावून घेतली. बरगडीत काहीतरी कडकन् मोडलं.

त्याला जेवढा बोललो तेवढा परबलाही बोललो नव्हतो. दरवेळी आपल्यातल्याच कुणीतरी पुढे व्हायचं, आणि तेही आपण होऊन? यांना वहीत पान सोडायचीही गरज उरणार नाही मग. अंबादास रडला. मीही. हातोडी खाडीत टाकून ये म्हटलं, आणि तो टाकून आला.

पण हातोडी कुठलीही चालते, हे दोघांनाही माहीत आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

मुलगी झाली. पहाटे. रतन बरी आहे. फोनवर रडण्याचा आवाज ऐकवला, मोठा आवाज आहे, माझ्यावर गेलीय.

मला तिला बघायचंय. दुसरं काही लिहायचं नाही आज.

संध्याकाळी— गेटबाहेर रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत जाऊन बघितलं. मागे जिना कण्हला. वरून माती. पोरं खेळत होती खाली. परत फिरलो. आता बदलापूरपर्यंत जायची गरज नाही. रस्ता ओलांडला तरी पडेल.

वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन गेला, मीच बोलावला होता. इमारत रिकामी करा म्हणून लेखी द्या म्हटलं. त्याने सात नंबरवर यंत्र लावलं. एकेचाळीस. म्हणाला, एवढा चांगला खांब अख्ख्या नाहूरमध्ये नसेल, उगाच लोकांना घाबरवू नका. परबने त्याला चहा पाजला.

२५ जानेवारी

उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत गेला. डाव्याने लिहितोय.

उद्या एकविसावा.

हिशेब सरळ आहे. इथे मेलो तर इमारत वीस वर्षं उभी राहील आणि मग हे लोक आणखी कुणाला तरी शाल देतील. गेलो तर पडेल. घरोघर जाऊन सांगितलं, बाहेर पडा. कुणी दार उघडलं नाही. दोघांनी आतून टीव्ही मोठा केला.

मग सुचलं. उद्या झेंडावंदन. अंगणात डेब्रिज पडलंय, म्हणून यंदा समोरच्या मोकळ्या प्लॉटवर करा, असं अंबादासकरवी कळवलं. परब हो म्हणाला. वेफर आणि लाडू आहेत, सगळे उतरतात. प्रेमाकाकूंना खरं सांगितलं. आठला उतरायला लागते म्हणाल्या, सगळ्यांच्या आधी पोचते.

सगळे पलीकडे गेले की जिन्याच्या जाळीला कुलूप, आणि मी चालू लागणार. घरं जातील. गिरणीतल्या माणसांचा घाम होता त्यात, ते मला कळतं. तरी जाऊ देत.

२६ जानेवारी

८.३५. गाणी लागलीत. उतरताहेत. कडक इस्त्रीचे कपडे. माझ्या अंगावरून जाताना भिंतीला चिकटून जातात— जा. जा लवकर.

८.५०. सगळे पलीकडे. जाळीला कुलूप लावलं. लावताना पाय गेला. सात नंबरला पाठ लावून बसलोय. गेट वीस पावलांवर. डाव्या पायाने आणि हाताने सरपटत जमेल. आत्ता जमेल. थोड्या वेळाने नाही— छातीपर्यंत पोकळ वाजतंय.

परब गेटपाशी येऊन ओरडतोय. फाइल वर राहिली, कुलूप कुणी लावलं. हसलो. दुखलं.

अंबादास पलीकडून धावत आला, म्हणतो खुर्ची रिकामी आहे. काकूंची. त्या तिकडे नाहीत.

वर काठी वाजली. तिसऱ्या मजल्यावरच. पाय धरलाय त्यांचा, सकाळपासून तिथेच—

अंबादास किल्ली घेऊन आत गेला. परब घुसू नये म्हणून जाळी आतून लावून घेतली त्याने. शहाणा माणूस.

दुसरा मजला. काकू ओरडतायत, “तू जा रे झिला, माका ठेव.” नाही ठेवणार. तुमच्या नवऱ्याची सही आहे, तुमची नाही.

रतनचा फोन वाजतोय. हात पोचत नाही.

जन गण मन चालू झालं. पलीकडे सगळे ताठ उभे. माझ्याकडे बघतायत. सगळ्यांना माहीत आहे मी काय करतोय. एकही जण रस्ता ओलांडत नाही. मी इथेच मेलो तर लाडू खाऊन हे वर जेवायला जातील. आंघोळ करतील. पान भरतील. नाही— नाही भरू देणार—

पहिला मजला.

पोट. पोटही.

जाळी उघडली. अंबादासने पाठीवर घेतलंय काकूंना. हात धरू पाहतोय माझा— आधी त्यांना ने. म्हटलं ने. ओरडलो.

अंगण.

गेट. गेले. रस्त्यापलीकडे. आता कुणी नाही वर. कुणी नाही.

आता मी. डावा हात जमिनीवर. उठ. वीस पावलं. तिचं नाव ठेवायचंय अजून— उठ रे— डावा गुडघा